रगत कुठं गेलं

आमच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीत, माझं पद काय आहे माहितीये? "सामान्य व्यक्ती". इंग्रजीत ले पर्सन. डॉक्टर असतात, वकील असतात, औषधांमधले जाणकार असतात आणि टेबलाच्या टोकाला सामान्य व्यक्ती, म्हणजे मी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे असं एक माणूस कमिटीत लागतंच, म्हणून मला बोलावतात. दर दोनेक महिन्यांनी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून पनवेल लोकल पकडायची, नवी मुंबईत उतरायचं, गारढोण एसीत बसायचं, बिस्किटं खायची आणि संमतीपत्रकाचं मराठी वाचून सांगायचं की हे कुणाला कळेल का. बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं. "सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून" असं सुरू होणारं एक वाक्य मी एकदा आईला वाचून दाखवलं, ती चांगली बीए झालेली, तर म्हणाली हे लाइटबिलाच्या मागे छापतात तसलं आहे ना?

या जूनच्या मीटिंगला जो प्रस्ताव होता तो पाड्यांवर सिकलसेल, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार, तपासण्याचा. विषय महत्त्वाचाच आहे. सरकारचं सिकलसेल निर्मूलनाचं मिशन १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये सुरू झालं, २०४७ पर्यंत आजार संपवायचा आणि चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांचं रक्त तपासायचं असं ठरलेलं आहे, त्यामुळे त्याला जोडून असे अभ्यास येणारच. प्रस्तावात सगळं जागच्या जागी होतं. सॅम्पल साइज, स्टॅटिस्टिक्स, कोल्ड चेन, बजेट. आणि नवव्या पानावर एक ओळ: "तपासणीचे निकाल शक्य झाल्यास सहभागींना कळवण्यात येतील."

शक्य झाल्यास.

मी तिथेच अडकले. बाकीचे पुढच्या पानावर गेले, आणि मी पंधरा वर्षं मागे.

तेव्हा मी बावीसची होते, एमएसडब्ल्यू नुकतंच झालेलं, पालघर अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता (तो २०१४ च्या ऑगस्टमध्ये झाला), आणि मला एका ॲनिमियाच्या सर्व्हेत फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून काम मिळालं होतं. संस्थेचं नाव नाही सांगत, पाड्याचंही नाही. येऊरच्या डोंगरात होता एवढंच. आता येऊर म्हटलं की लोकांना टर्फ, बंगले आणि रविवारची बिर्याणी आठवते, पण नॅशनल पार्कच्या कडेने तिथे वारली आणि मल्हार कोळ्यांचे पाडे आहेत, त्या बंगल्यांच्या कितीतरी आधीपासूनचे. मी पाचपाखाडीत वाढले, उपवनला शंभर वेळा गेले असेन, पण वर पाड्यावर कोण राहतं हे मला नोकरी लागल्यावर कळलं. हे लिहायलाही लाज वाटते पण आहे ते आहे.

माझ्याकडे बावीस पानांचा फॉर्म होता. त्यात एक प्रश्न असायचा, आजवर एकूण किती बाळंतपणं, किती मुलं जिवंत, किती नाहीत. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, "हा प्रश्न प्रायव्हसीत विचारा". प्रायव्हसी कुठून आणू? एका खोलीचं घर, दारात सासू, ओट्यावर दोन शेजारणी, पोरं माझ्या पेनाकडे बघतायत. मी आवाज बारीक करून विचारलं आणि ती बाई गप्प झाली. मला वाटलं प्रश्न कळला नाही, म्हणून मी तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारला. मग सासूनेच उत्तर दिलं, दोन गेली. मी चौकटीत २ लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला, घरात शौचालय आहे का.

मला कुणी रागावलं नाही. कुणी उठून गेलं नाही. उलट चहा दिला, कोरा, गुळाचा. संध्याकाळी सुपरवायझरला रिपोर्ट केलं, "को-ऑपरेशन गुड".

खाण्याचा भाग तर आता आठवला की हसू येतं आणि मग येत नाही. काल दिवसभरात काय काय खाल्लं ते विचारायचं आणि यादीवर टिक करायची. यादीत पालक, मेथी, गाजर, सफरचंद, केळं, दूध, अंडं, चिकन. पावसाळा सुरू झालेला. बायका सांगतायत शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगीची फुलं, ओढ्यातले खेकडे. माझ्या यादीत यातलं एकही नाव नव्हतं, शेवटी एक चौकट होती "इतर". मी दिवसभर इतर, इतर, इतर टिक करत बसले. डेटा एंट्रीच्या वेळी "इतर" मोजायचंच नाही असं ठरलं कारण ते कुठल्या गटात टाकायचं यावर एकमत होईना, आणि मग टेबलात आलं की पाड्यावरच्या बायकांच्या आहारात विविधता कमी. ज्या शेवळांसाठी आमची आई दर जूनमध्ये गावदेवी मार्केट पालथं घालते आणि महाग म्हणून कुरकुरत विकत घेते, ती खाणाऱ्या बाईच्या नावापुढे आम्ही लिहिलं की हिला भाज्या खायचं महत्त्व समजावणं गरजेचं आहे.

आणि रक्त. दंडाला रबर बांधायचं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यायचं, आइसबॉक्समध्ये ठेवायचं, संध्याकाळी खाली. टेक्निशियन दादा घ्यायचा, मी नंबर चिकटवायचे. नाव नाही, फक्त नंबर, कारण गोपनीयता. बायका विचारायच्या एवढं कशाला, आणि मी शिकवल्याप्रमाणे सांगायचे, "रक्त कमी आहे का बघायला, पंधरा दिवसांत रिपोर्ट आणून देऊ". हे "आणून देऊ" मी स्वतःच्या तोंडाने बोललेय, चाळीसेक घरांत.

तीन महिन्यांनी डेटा एंट्रीही माझ्याकडेच आली. एक दिवस एक्सेलमध्ये ओळ आली, नंबर १७, गरोदर, हिमोग्लोबिन ६.८. गरोदरपणात ७ च्या खाली म्हणजे तीव्र ॲनिमिया, ही बाई दवाखान्यात पाहिजे, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी सुपरवायझरकडे गेले. तो म्हणाला, नंबर आणि नावं जुळवायची यादी सरांच्या कपाटात आहे, सर दौऱ्यावर आहेत, आले की बघू. सर आले, मग दुसरा प्रोजेक्ट आला, मग आमचं फंडिंग संपलं. गोपनीयता अशी कडेकोट पाळली गेली की ज्या बाईचं रक्त होतं तिलासुद्धा काही कळलं नाही.

आता यात संस्थेला नावं ठेवणं सोपं आहे आणि मी बरीच वर्षं तेच केलं. पण ठाणे स्टेशनवरून येऊरला टीएमटीची बस जाते. मी ओळखत होते त्यांना, गरोदर बायका त्या पाड्यावर चारच होत्या. यादीची गरजच नव्हती. चारही जणींना सांगितलं असतं की चला माझ्याबरोबर दवाखान्यात, तर झालं असतं. मी नाही गेले. का नाही गेले याचं उत्तर शोधून शोधून एवढंच सापडतं की ते माझ्या कामात लिहिलेलं नव्हतं.

वर्षभराने कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर फिरायला म्हणून वर गेले तेव्हा त्याच पाड्याच्या वाटेवर एक आजी भेटली. डोक्यावर मोळी. तिने मला ओळखलं, मी तिला नाही. थांबली आणि विचारलं, बाई, ते आमचं रगत नेलं होतं, ते कुठं गेलं? तिची बोली मी इथे लिहायला गेले तर नक्कल होईल म्हणून वाक्य माझ्या मराठीत लिहितेय, फक्त रगत हा शब्द तिचा. आवाजात राग नव्हता. उसनी नेलेली पातेली कुठाय विचारतात तसं विचारलं. मी म्हटलं, आजी, ते तपासून झालं. ती म्हणाली, मग? "मग" ला माझ्याकडे काहीच नव्हतं. मैत्रिणी पुढे गेल्या होत्या, हाका मारत होत्या.

नंतर मी ते काम सोडलं, शाळेत समुपदेशक झाले, लग्न, पोरगी, नेहमीचं. पण हा "मग" कुठे जात नव्हता. याबद्दल कुणी काही लिहिलंय का असं वाचता वाचता न्यूझीलंडची इरिहापेती रॅम्सडेन सापडली. माओरी नर्स. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे माओरी नर्सिंग विद्यार्थिनींची एक सभा भरली होती, त्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी उठली आणि म्हणाली की तुम्ही कायदेशीर सेफ्टीबद्दल बोलता, क्लिनिकल सेफ्टीबद्दल बोलता, मग कल्चरल सेफ्टीचं काय? रॅम्सडेनने तो शब्द उचलला, त्यावर आयुष्य घातलं. १९९२ मध्ये तो तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणात आला आणि मग पेपरांतून बोंबाबोंबही भरपूर झाली, की नर्सना नर्सिंग शिकवा, हे काय राजकारण. ती २००३ मध्ये गेली.

मला आधी वाटलं कल्चरल सेफ्टी म्हणजे त्यांचे सणवार पाठ करायचे, घरात शिरताना चपला काढायच्या, भगताला नावं ठेवायची नाहीत. आमच्या कॉन्फरन्सच्या पिशव्यांवर तारपा नाचणारी वारली माणसं छापलेली असतात ना, तसलं काहीतरी. पण बाई म्हणते की नाही, समोरच्याची संस्कृती पाठ करून तुम्ही तज्ज्ञ होऊ नका, आधी स्वतःकडे बघा. तुमच्या हातात फॉर्म आहे, सुई आहे, पेन आहे, तिच्या हातात काय आहे ते बघा. आणि तुमच्याजवळ सुरक्षित वाटलं की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, ते ती ठरवणार. हे वाचलं आणि मला माझं ते "को-ऑपरेशन गुड" आठवलं. कुणी विचारलं होतं त्या बाईला?

आजीचा प्रश्न जगात इतरही लोकांनी विचारलाय हे कळलं तेव्हा खरं सांगते, जरा बरं वाटलं आणि जास्त वाईट वाटलं. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई म्हणून एक छोटी जमात राहते. त्यांच्यात डायबेटिस फार, म्हणून १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी त्यांचं रक्त घेतलं. लोकांनी दिलं, डायबेटिससाठी. २००३ मध्ये त्यांच्यातलीच कार्लेटा टिलूसी त्या युनिव्हर्सिटीत एका पीएचडीच्या सादरीकरणाला जाऊन बसली, तर समोर स्लाइडवर त्यांच्याच रक्तावरचा अभ्यास आणि विषय भलताच. त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, नात्यातली लग्नं, पूर्वज आशियातून कसे आले, असलं सगळं करून झालेलं. जमात मानते की आपला उगम त्या दरीतलाच, आणि त्यांच्याच रक्तातून कुणीतरी त्यांना सांगत होतं की तुम्ही इथले नाहीच. तिने हात वर करून विचारलं की याची परवानगी घेतली होती का. पुढे कोर्टकचेरी झाली, २०१० मध्ये समझोता, ७ लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत. पैशांपेक्षा मला ते परत मिळालेलं रक्त महत्त्वाचं वाटतं. माणसं स्वतः गेली, फ्रीझर उघडला, आपलं आपण घेऊन आली.

आपल्याकडे काय कमी आहे म्हणा. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची, लस देण्याचा प्रकल्प झाला होता, त्यात कितीतरी आदिवासी मुली होत्या, आश्रमशाळांच्या वसतिगृहात राहणाऱ्या, आणि खम्मममध्ये कितीतरी संमतीपत्रकांवर सही आईबापाची नाही, वॉर्डनची. काही मुलींचे मृत्यू झाले, ते लसीमुळे नव्हते असं चौकशीत म्हटलं गेलं आणि मला त्यात वाद घालायचा नाही. लस चांगलीच आहे, माझ्या मुलीला मी देणार आहे. पण माझ्या मुलीच्या वेळी सही मी करणार, तिच्या शाळेचे शिपाईकाका नाही. प्रकल्प २०१० मध्ये थांबला, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने कडक शब्दांत अहवाल दिला, आणि आयसीएमआरच्या गाइडलाइन्समध्ये आता स्पष्टच आहे की गावप्रमुखाने परवानगी दिली म्हणजे प्रत्येक माणसाची संमती मिळाली असं होत नाही.

रिसर्चचं जाऊ दे, नुसते उपचार घ्यायला गेलं तरी हीच गत. त्याच सर्व्हेच्या काळात मी पाड्यावरच्या एका मुलीबरोबर एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेले होते, पहिलटकरीण. दारातच सासूला बाहेर काढलं, गळ्यातल्या मण्यांच्या माळा आणि दंडाचा काळा दोरा काढून पिशवीत कोंबला, आणि सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या लोकांना काही सांगून उपयोग नसतो". पोरगी तिथेच उभी, मराठी कळणारी. सिस्टर काही दुष्ट नव्हत्या हो, तीस पेशंटना दोन सिस्टर असल्या की माणूस काहीही बोलतं, पण ती कळ सोसली कुणी? रात्री पोरगी उठून निघून गेली, सासूबरोबर, चालत. केसपेपरवर शेरा पडला ॲबस्कॉन्डेड. म्हणजे फरार. सोळा किलोमीटर अंधारात चालत गेलेली नऊ महिन्यांची बाई, फरार.

कॅनडात २०२० मध्ये जॉयस एचाक्वान नावाची आतिकामेक बाई क्युबेकमधल्या हॉस्पिटलच्या खाटेवर कळवळत होती तेव्हा तिने फोनवर फेसबुक लाइव्ह लावलं. कर्मचारी तिला काय काय बोलत होत्या ते जगाने ऐकलं. ती त्याच दिवशी गेली, सात मुलांची आई. त्या मृत्यूत वंशभेदाचा वाटा होता असं मृत्यूची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याने, कॉरोनरने, म्हटलं. आमच्या पोरीकडे तेव्हा फोन नव्हता. बाळंतपण घरीच झालं, सुईणीने केलं, दोघं बरी होती. दोघं बरी राहिली हा निव्वळ योग, त्यावर हॉस्पिटलने किंवा मी खूश व्हायचं कारण नाही.

आणि हे वेगळं करता येतं, फार पैसाही लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी लोकांना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. तर कारणं निघाली ती अशी की त्या मोठ्या इमारतीत हरवल्यासारखं होतं, नातेवाइकांना बाहेर ठेवतात, आणि पांढरे कपडे, पांढरं तर आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो. मग त्यांच्या संस्थेच्या शोधग्राम वसाहतीतला दवाखाना गोंड गावासारखा बांधला, नातेवाइकांना राहता येईल अशा झोपड्या, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं, त्यांच्या देवीचं. हे वाचल्यावर मी आमच्याकडच्या पांढऱ्या कोटांकडे पूर्वीसारखं बघू शकलेले नाही.

तर नववं पान.

मी हात वर केला. म्हटलं, हे "शक्य झाल्यास" काढा. मुख्य संशोधक चांगला मुलगा आहे, चिडला नाही, म्हणाला मॅडम, रिपोर्ट आम्ही पीएचसीला देणारच आहोत, तिथून आशाताई कळवतील. मी म्हटलं, आशाताईला त्याचे किती पैसे धरलेत बजेटमध्ये? काही नाही. पाड्यावर रिपोर्ट घेऊन चढणार कोण, कुठल्या तारखेला? आणि सिकलसेलचा रिपोर्ट म्हणजे नुसता आकडा नाही, एखादी मुलगी वाहक निघाली की उद्या तिचं लग्न मोडायला तेवढा कागद पुरतो, ते कार्ड तिच्या हातात द्यायचं की बापाच्या, की ओट्यावर सगळ्यांसमोर वाचायचं? खोली एकच असते, सांगू का तुम्हाला. वकीलसाहेब घड्याळाकडे बघायला लागले. एक डॉक्टर म्हणाले, एवढं धरलं तर खर्च वाढेल. मी म्हटलं, मग सॅम्पल कमी घ्या. पाचशेचं रक्त घेऊन शून्याला सांगण्यापेक्षा तीनशेचं घ्या. यावर स्टॅटिस्टिक्सवाल्या मॅडमच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी जपून ठेवलंय.

तासभर गेला. शेवटी ओळ बदलली: निकाल दहा आठवड्यांच्या आत प्रत्येक सहभागीला, पाड्यावर जाऊन, तिने सांगितलेल्या ठिकाणी. प्रवासखर्च वेगळा. आहाराच्या यादीत पाड्यावरच्या बायकांना बसवून नावं घालायची, "इतर" आपोआप बारीक होईल, हेही मान्य झालं. एक गोष्ट नाही झाली. या बायकांतली एक तरी कमिटीवर हवी असं मी म्हटलं तेव्हा अध्यक्ष हसून म्हणाले, "सामान्य व्यक्ती म्हणून तुम्ही आहात ना". मिनिट्समध्ये ते "सूचना नोंदवली" असं आलंय. पुढच्या मीटिंगला परत काढणार आहे.

येताना ठाण्याला उतरले तर पाऊस, रिक्षाला ही रांग, म्हणून चालत गावदेवीवरून निघाले. मार्केटच्या बाहेर फुटपाथवर एक बाई निळं प्लास्टिक डोक्यावर धरून बसलेली, समोर शेवळांच्या जुड्या. मी दोन घेतल्या. कुठल्या पाड्यावरून येता, किती वाजता निघालात, मुलं किती, सगळे प्रश्न आपोआप जिभेवर आले, सवयच ती. मी पैसे काढत राहिले.

तिनेच विचारलं, "काकडं नकोत, ताई? नुसती केली तर घसा खाजंल."

म्हटलं, द्या मावशी, आणि किती घालायची तेही सांगा.